मुलाने तोफखाना मागितलाय. नेमकं काय असतं तिथे?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. धागा पूर्ण स्वार्थापोटी काढतेय, आधीच कबूल करते.

मुलगा डेहराडूनला आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीत, शेवटच्या टर्मला आहे. परवा फोनवर म्हणाला, "आई, आर्म्सचा चॉइस द्यायचाय. मी पहिली आर्टिलरी टाकतोय." म्हणजे सैन्याच्या कुठल्या शाखेत जायचं ते, आणि आर्टिलरी म्हणजे तोफखाना. मी म्हटलं बरं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या दोन्ही घरांत फौजेत कुणी नाही. सासरे पोस्टात होते, माहेरी आंब्याच्या पेट्या. २०२१च्या जुलैत पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना लागलं, तेव्हा लष्कराची बोट गल्लीतून गेली. ती याने गच्चीवरून पाहिली. तेव्हा हा बारावीत होता. इंजिनिअरिंगच्या क्लासचे पैसे भरले होते, ते त्या पुरातच गेले म्हणायचे.

तर प्रश्न असे: तोफखान्यातला अधिकारी रोज करतो काय? लढाई नसते तेव्हा काय करतो? आणि लढाई असते तेव्हा तो पुढे असतो की मागे? यजमान म्हणतात, मागे. मला तेच ऐकायचंय म्हणून ते तसं म्हणत असावेत.

खोताचा_वाडा

मागेच असतात ताई, निर्धास्त राहा. बोफोर्स तोफेचा पल्ला २५-३० किलोमीटर. चिपळुणातून डागली तर गुहागरच्या आसपास पडेल. एवढ्या लांब असल्यावर कसली काळजी?

हवालदाराचो_पुतण्यो

खोतानू, तोफेचो पल्लो ३० किलोमीटर आसलो तर समोरच्याच्या तोफेचो काय ३ आसता?

माझो काको तोफखान्यात हवालदार होतो. बोफोर्सचो एक गोळो ४०-४५ किलोचो. तो उचलून उचलून काकाची पाठ गेली नि कान गेले. आता तेंका 'जेवाक येवा' म्हणून सांगूचा तर खळ्यात जावन हात हलवचो लागता. एकदा मी इचारलंय, "काका, भीती वाटली काय हो?" तर म्हणाले, "भीती वाटाक येळ खय होतो? एक गोळो गेलो की दुसरो घालूचो. भीती वाटली ती रातचा, चाय पिताना."

सायबांबद्दल माका म्हायत नाय. काको इतक्याच म्हणता, की आमचो लेफ्टनंट २२ वर्षांचो पोरगो होतो, पण आकडो सांगताना कधी अडाखळलो नाय.

सेकंड_इनिंग_आंजर्ले

पुतण्याने लाख बोलायचं ते एका ओळीत बोलून टाकलं. ताई, खोतसाहेबांनी दिलेला धीर अर्धा खरा आहे. तोफा मागे असतात. अधिकारी मागे असेलच असं नाही.

मी २४ वर्षं तोफखान्यात काढली. लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलो आणि आता आंजर्ल्यात नारळ मोजतो. आज लाइट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फील्ड रेजिमेंट म्हणजे साधारणपणे १८ तोफा, ६-६च्या ३ बॅटऱ्या. तरुण अधिकाऱ्याच्या वाट्याला आलटून पालटून दोन कामं येतात. पहिलं तोफांजवळचं. त्याला जीपीओ म्हणतात, गन पोझिशन ऑफिसर. कुठून डागायचं, तोफा कुठल्या दिशेला लावायच्या, लक्ष्याच्या नकाशावरच्या जागेवरून प्रत्येक तोफेला कोणता कोन आणि किती दारू द्यायची, हे सगळं त्याच्या देखरेखीखाली होतं. दुसरं काम ओपीचं, म्हणजे निरीक्षण चौकीचं. तोफेला लक्ष्य दिसत नाही, हे आधी मनात पक्कं करा. तोफ डोंगराच्या अलीकडे कुठेतरी दरीत दडलेली असते, शत्रू डोंगरापलीकडे. मग बघणार कोण? त्यासाठी एक अधिकारी दुर्बीण, रेडिओ आणि दोन-तीन जवान घेऊन पायदळाबरोबर चालतो. पायदळाची कंपनी, म्हणजे तुकडी, जिथे, तिथे तो. ते चढले की हा चढतो, ते बर्फात झोपले की हाही झोपतो.

पुढे मेजर होऊन बॅटरी कमांडर झाला की लढाईत त्याची जागा पायदळाच्या बटालियन कमांडरच्या शेजारी. आमच्या रेजिमेंटचा प्रमुख, सीओ, ब्रिगेड कमांडरच्या शेजारी. गंमत अशी की तोफखान्यातला अधिकारी जसा मोठा होतो, तसा लढाईत तोफेपासून लांब जातो. तोफा सांभाळतात सुभेदार, हवालदार आणि पुतण्याच्या काकांसारखी माणसं.

तेव्हा यजमानांना सांगा, मागेही असतो आणि सगळ्यांत पुढेही. कुठल्या वर्षी लढाई होते आणि तेव्हा तो कुठल्या कामावर असतो, यावर ते ठरतं.

गडकोट_भटक्या

काका आंजर्ल्याचे म्हटल्यावर राहवत नाही. कड्यावरच्या गणपतीहून खाली समुद्रात दिसतो तो सुवर्णदुर्ग. एप्रिल १७५५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम जेम्सने जहाजावरच्या तोफांनी तो भाजून काढला आणि तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशव्यांचं आरमार त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होतं, हे आपल्याकडे जरा हळू आवाजात सांगितलं जातं. गडावरचं दारूचं कोठार उडालं आणि तिथेच निकाल लागला. जेम्स मेल्यावर त्याच्या बायकोने १७८४ला लंडनमध्ये टेकडीवर एक मनोरा बांधला, नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! हर्णैच्या लिलावात पापलेट घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि जंजिऱ्यावरची कलालबांगडी तर... (थांबतो, नाहीतर संपादक येतील.)

संपादक

संपादक आलेच आहेत. कलालबांगडीसाठी वेगळा धागा काढा. सुवर्णदुर्ग राहू दे.

सेकंड_इनिंग_आंजर्ले

राहू दे, कारण तो कामाचा आहे. जेम्सला किल्ला डोळ्यांनी दिसत होता. समोर भिंत, नळी सरळ, बत्ती. याला आम्ही डायरेक्ट फायर म्हणतो. आजच्या तोफखान्याचं नव्वद टक्के काम याच्या उलट आहे. आता तुम्ही हर्णैच्या धक्क्यावर नाही, दापोलीच्या मागच्या एखाद्या खोऱ्यात उभे आहात, असं समजा. समुद्र दिसत नाही आणि सुवर्णदुर्गाच्या एका ठरावीक बुरुजावर गोळा टाकायचाय. कड्यावरच्या गणपतीपाशी तुमचा एक माणूस बसलाय. तो बघतो आणि तुम्हाला सांगतो. त्याने काय सांगावं, कसं सांगावं, इथे आमचं सगळं शास्त्र सुरू होतं.

पूर्ण वर्तुळाचे तुमचे ३६० अंश, आमचे ६४०० मिल. १ मिल म्हणजे १ किलोमीटरवर साधारण १ मीटर. हिशोब तोंडी होतो म्हणून हे माप. हात सरळ लांब केला तर एक बोट साधारण ३० मिल झाकतं, पंजा पूर्ण फाकवला तर ३००. इथे संध्याकाळी किनाऱ्यावर बसतो तेव्हा अजून हीच खोड आहे. ट्रॉलर १५ मीटर लांब धरला आणि दुर्बिणीतल्या रेघांवर तो १० मिल भरला, तर तो दीड किलोमीटरवर. नातू विचारतो, "आजोबा, होडी किती लांब?" बायको म्हणते, "विचारू नकोस, आता रात्र होईल."

आता उलट बाजू बघा. तोफेच्या रोखात फक्त १ मिलाची चूक झाली, तर २० किलोमीटरवर गोळा साधारण २० मीटर बाजूला पडतो. २० मीटर म्हणजे समोरचा बंकर आणि आपली माणसं यांच्यातलं अंतर असू शकतं. शिवाय त्या दिवशीचा वारा, हवेचं तापमान, दारूचं तापमान, नळी किती झिजलीय, सगळं धरायचं. लांब पल्ल्याला पृथ्वीचं फिरणंसुद्धा. गणिताचा कंटाळा असेल तर मुलाला म्हणावं, अजून वेळ आहे.

वाशिष्ठीकाठ

गणितात बरा आहे. पण वाण्याकडून सुटे पैसे मोजून आणत नाही, हेही नमूद करते.

काका, शांततेचं सांगा ना. लढाईचं मला आज रात्री नको.

लष्करी_बिऱ्हाड

शांततेचं मी सांगते, कारण ते आम्हीच जगतो. नवरा तोफखान्यात, १९ वर्षांत ११ घरं. काळ्या लोखंडी ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आमच्या धाकटीला लहानपणी वाटायचं, ट्रंका म्हणजे फर्निचरच. त्यांवर गादी टाकली की दिवाण, चादर टाकली की टेबल.

शांततेची पोस्टिंग म्हणजे नवरा घरी असतो, हा गैरसमज आधी काढा. फायरिंगच्या कॅम्पला राजस्थानात महाजनला किंवा पोखरणला जातात ते महिना महिना. आल्यावर कपड्यांतून निघणारी रेती दोन धुण्यांनी जात नाही. मग कोर्स, मग एक्सरसाइज. अधूनमधून फील्ड पोस्टिंग, जिथे कुटुंब नेता येत नाही, तेव्हा आम्ही मुलांना घेऊन कुठल्या तरी स्टेशनात वेगळ्या क्वार्टरमध्ये. पाच शाळा बदलल्या थोरल्याने. त्याची तिसरी भाषा प्रत्येक राज्यात नवी.

सगळ्यांत आवडलं ते देवळाली. नाशिक जवळ, माणसं आपली, भाजीवाली मराठीत भांडते. पण तिथे स्कूल ऑफ आर्टिलरी. रेंजवर फायरिंग असेल त्या दिवशी खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि गॅसवरच्या दुधावर बारीक वलयं उठायची. पहिल्या आठवड्यात मी भूकंप समजून मुलीला घेऊन अंगणात धावले होते. शेजारीण बाल्कनीतून म्हणाली, "अहो, हा तर लहान कॅलिबर आहे." (इंग्रजीत डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात ना, तो शब्द या देवळालीवरूनच गेलाय. का गेला असेल ते मला कळलं.)

आणि हो, आमचं राजापूरचं घर. ११ घरं सांभाळताना स्वतःचं तेवढं बंद राहिलं. कुलूप उघडलं तर माजघराच्या तुळईत वाळवी, देवघराच्या भिंतीला ओल. ताई, तुमचं चिपळूणचं घर उघडं ठेवणारं कुणीतरी असू दे.

सेकंड_इनिंग_आंजर्ले

बिऱ्हाड वहिनींना सॅल्यूट. आता आतली बाजू.

नवा लेफ्टनंट रेजिमेंटमध्ये आला की त्याला लगेच कुणी साहेब करत नाही. पहिले काही आठवडे मी जवानांच्या बरॅकीत राहिलो. त्यांच्याबरोबर जेवण, त्यांच्याबरोबर पीटी, तोफेवरच्या प्रत्येक माणसाचं काम स्वतःच्या हाताने. गोळा उचल, नळीत सार, दारू घाल, ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं दार, बंद कर. ज्याला उद्या हुकूम द्यायचा, त्याचं ओझं आधी उचलून बघ, असा मामला. नंतर देवळालीला यंग ऑफिसर्स कोर्स. पुढे हुशार असेल तर लाँग गनरी स्टाफ कोर्स, तोही तिथेच, आणि तो केलेल्या माणसाकडे आमच्यात गावातल्या वैद्याकडे बघावं तसं बघतात.

प्रत्यक्ष गोळे डागण्याचे दिवस वर्षात थोडेच. गोळा महाग असतो. बाकीचं वर्ष कोरडा सराव, गोळ्याविना. रात्री अंधारात तोफा न्यायच्या, खड्डे खणायचे, जाळ्या टाकायच्या, दिशा लावायची, 'तयार' म्हणून कळवायचं. कळवलं की हुकूम यायचा: उचला, पुढच्या जागी जा. एका जागी बसलेली तोफ शत्रूला सापडते, म्हणून. हे इतक्या वेळा करायचं की झोपेत होईल. उरलेल्या वेळात नळीतून लांब दांड्याचा बोळा फिरवायचा, तेल, वंगण, हत्यारांची यादी, गाड्यांची यादी, चौकश्या. युद्धात ट्रक उडाला तर एका ओळीत नोंद होते. शांततेत एक ताडपत्री हरवली तर मी ४० पानं लिहिलीत.

एक प्रसंग सांगतो. कॅप्टन होण्याआधीचा. फायरिंग कॅम्पला मी ओपीवर होतो. लक्ष्य होतं चुन्याने रंगवलेला एक ढिगारा. पहिला गोळा डावीकडे पडला आणि मी घाईत दुरुस्ती दिली तीही डावीकडेच. पुढचा गोळा लक्ष्यापासून ४०० मीटर लांब. रेंजच्या हद्दीतच होता, कुणाला काही झालं नाही. मागे उभे असलेले आमचे बॅटरी कमांडर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी न फुटलेले गोळे निकामी करून झाल्यावर मला जीपमध्ये घातलं आणि त्या खड्ड्यापाशी नेऊन उभं केलं. खड्डा माझ्या कमरेइतका. शेजारच्या बाभळीला एक पान नव्हतं, आणि खोडात गोळ्याच्या कवचाचे तुकडे असे रुतले होते, जणू कुणी सुऱ्या फेकल्यात. "हातात घे," म्हणाले. मी एक तुकडा उपटला. कडेला धार, विळीच्या पात्यासारखी. "तुझी डावी आणि उजवी यांच्यात एवढं अंतर आहे," एवढंच बोलले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तो तुकडा आहे अजून. टेबलावर. वीजबिलं उडू नयेत म्हणून ठेवतो.

टेक्नो_कोकण्या

मस्त आठवणी, पण काका, आता ड्रोनचा जमाना. बाभळी आणि चुन्याचे ढिगारे संपले. मुलाने सिग्नल्स किंवा एअर डिफेन्स घ्यावं. तोफ म्हणजे आता म्युझियम.

सेकंड_इनिंग_आंजर्ले

युक्रेनच्या बातम्या नीट वाचा. ड्रोन आला आणि तोफ संपली, असं तिथे झालेलं नाही. ड्रोन वरून बघतो, तोफ खालून मारते, दोन्ही मिळून काम चालतं. ड्रोन हा आमचा नवा ओपी आहे, ज्याला भूक लागत नाही आणि घरी पत्र लिहायचं नसतं. बदललंय ते असं की तोफ आता फार वेळ एका जागी थांबू शकत नाही. म्हणून स्वतःच्या इंजिनवर धावणाऱ्या के-९ वज्र आल्या, गुजरातेत हझिऱ्याला बनलेल्या. म्हणून पिनाका: पुण्याच्या एआरडीईचं काम, एका गाडीवर १२ रॉकेटं, ४४ सेकंदांत सगळी रिकामी, आणि गाडी तिथून पसार.

शत्रूने तुमच्या जीपीएसचा सिग्नल बुजवला की चुन्याचे ढिगारे मारायला शिकलेला पोरगाच लागतो.

एनसीसी_गुहागर

मुलींना घेतात का? मी सेकंड इयरला आहे.

लष्करी_बिऱ्हाड

घेतात. २९ एप्रिल २०२३ला चेन्नईच्या ओटीएतून (अधिकारी घडवणारी अकादमी) ५ मुली पहिल्यांदा तोफखान्यात अधिकारी झाल्या. ग्रॅज्युएशननंतर सीडीएसची लेखी परीक्षा दे किंवा एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एंट्री बघ, तिथे लेखी नसते, थेट एसएसबीची मुलाखत. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, पुढे ४ वाढवून मिळू शकतात. आणि आतापासून पळायला लाग. वेळणेश्वरच्या वाळूत पळालीस तर डांबरी रस्ता सोपा वाटेल.

पोलादपूर_घाट

पगार वगैरे? आणि वर किती जाता येतं? काकांना राग येणार नसेल तर.

सेकंड_इनिंग_आंजर्ले

राग कसला. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू, भत्ते वेगळे. २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत परीक्षा पास होत राहिलात की जिना आपोआप चढतो. त्याच्या पुढे निवडीचं बोर्ड. कर्नल होऊन स्वतःची रेजिमेंट मिळणं हे प्रत्येक तोपचीचं स्वप्न, आणि जागा थोड्या. माझं नाव तिन्ही बोर्डांत आलं नाही. मधल्या एका वर्षाच्या गोपनीय अहवालात काहीतरी बिनसलं होतं. ज्या वरिष्ठाशी बिनसलं त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही. त्या वर्षी मी मेसमध्ये जाणं बंद केलं. जे माझ्या हाताखाली ओपी शिकले ते पुढे गेले आणि मला 'सर' म्हणत राहिले, ते जास्त लागायचं.

मग बायको म्हणाली, कोकणात जाऊ. दापोलीला अजून जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांच्या काळापासून पेन्शनीत निघालेल्या शिपायांचं गाव. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीसुद्धा निवृत्तीनंतर इथेच राहिले होते. म्हटलं, आपण एकटे नाही.

हवालदाराचो_पुतण्यो

माझो काको म्हणता, साहेब कर्नल झालो नाय तरी तोफ तेका विसारणा नाय. (माका म्हायत नाय तोफ कशी काय लक्षात ठेयता, पण काको म्हणता.)

वाशिष्ठीकाठ

सगळं वाचलं. दोनदा. मुलालाही लिंक पाठवली, त्याने फक्त अंगठा पाठवला.

काका, आता लढाईचं सांगा. दिवसाउजेडी वाचतेय.

सेकंड_इनिंग_आंजर्ले

१९९९, कारगिलचं युद्ध. मी कॅप्टन होतो, द्रास भागात, एका पायदळ कंपनीबरोबर ओपीवर. पलटणीची नावं घेत नाही. कुणाचं श्रेय कुणाला, यावर इथे भांडण नको.

शत्रू वर डोंगराच्या धारेवर होता आणि खाली श्रीनगर-लेह रस्ता त्याला ताटात वाढल्यासारखा दिसत होता. तिथे मैदानातलं शिक्षण पुरत नाही. हवा विरळ, त्यामुळे गोळा कोष्टकात लिहिलाय त्याहून लांब जातो. त्यात धार अशी बारीक, की गोळा १० मीटर वर गेला तर पलीकडच्या दरीत जाऊन पडतो. दिसत नाही, नुसता आवाज येतो. पहिल्या दिवशी माझे तीन गोळे असे हरवले. मैदानात आपण एक पलीकडे, एक अलीकडे टाकतो आणि अंतर निम्मं निम्मं करत जातो. इथे पलीकडचा दिसतच नाही. मग मुद्दाम खूप अलीकडे टाकून, उतारावरून एकेक पायरी वर चढवत न्यायचं. तेवढ्यात वरचे सावध होतात, ते वेगळंच.

पेनची शाई गोठायची, म्हणून सगळे आकडे पेन्सिलीने. रेडिओची बॅटरी रात्री पोटाशी धरून झोपायचो. माझा रेडिओ ऑपरेटर आटपाडीकडचा होता, तो बॅटरीला 'बाळ' म्हणायचा.

मुख्य गोष्ट एकच सांगतो. हल्ला रात्री. पायदळ चढतंय आणि त्यांच्या डोक्यावरून आपले गोळे समोरच्या बंकरांवर पडतायत, म्हणजे बंकरातली मशीनगन डोकं वर काढत नाही. पोरं जवळ जवळ जातात, तरी गोळे चालू. मग एक क्षण येतो जेव्हा मला रेडिओवर 'थांबवा' म्हणायचं असतं. लवकर म्हटलं तर मशीनगन डोकं वर काढते आणि ते उघड्यावर. उशिरा म्हटलं तर आपलाच गोळा आपल्या पोरांत. कंपनी कमांडर माझ्यापासून दोन हातांवर, तो म्हणतोय, "अजून... अजून..." तोफा कित्येक किलोमीटर मागे. मी आता बोललो तरी हवेत असलेले गोळे परत येणार नाहीत, ते पडणारच. तेवढे सेकंद धरून बोलायचं.

मला ती बाभूळ आठवली. डावी-उजवी मनात दोनदा म्हणून घेतली आणि बोललो.

त्या रात्री बरोबर पडले. पुढच्या एका रात्री आमचा आटपाडीकर गेला, शत्रूच्या गोळ्याने. तेव्हा समोरच्या लांब पल्ल्याच्या तोफा कुठून डागतायत ते हुडकणारं रडार आपल्याकडे नव्हतं. नंतर अमेरिकेकडून आलं, मग आपलं 'स्वाती' आलं. त्याच्याबद्दल एवढंच लिहितो.

आकडे हवे असतील त्यांच्यासाठी: त्या युद्धात आपल्या तोफखान्याने २,५०,०००हून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. ऐन भरात दिवसाला ५०००च्या आसपास, टायगर हिल घेतलं त्या दिवशी ९०००. बोफोर्सच्या नळ्या आडव्या करून समोर दिसणाऱ्या बंकरांवरही मारल्या, म्हणजे पुन्हा जेम्ससारखंच, डायरेक्ट. २०२२मध्ये द्रासच्या पॉइंट ५१४०ला 'गन हिल' नाव दिलं. बातमी वाचली तेव्हा मी आंब्याच्या झाडाखाली पालापाचोळा गोळा करत होतो. वाचून झाल्यावर बाकीचा गोळा केला.

गडकोट_भटक्या

काका, शब्द नाहीत. एक विचारू? बाकीच्या रेजिमेंटांना निशाण असतं, तोफखान्याला नसतं म्हणतात, खरं का?

सेकंड_इनिंग_आंजर्ले

खरं. आमची तोफ हेच आमचं निशाण. नाशिकरोडच्या सेंटरला रिक्रूट तोफेसमोर शपथ घेतात. आणि तुम्ही इतिहासवाले म्हणून सांगतो, दरवर्षी २८ सप्टेंबरला आम्ही गनर्स डे पाळतो, कारण १८२७च्या त्या दिवशी मुंबई इलाख्यात 'गोलंदाज' कंपनी उभी राहिली. तीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी. म्हणजे या सगळ्याचं मूळ आपल्याच किनाऱ्याला आहे.

खोताचा_वाडा

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पल्ल्याचं खरं होतं, बाकीचं नाही.

वाशिष्ठीकाठ

आत्ताच फोन झाला. कागद दिला त्याने. पहिली आर्टिलरी, दुसरी इन्फंट्री, तिसरी इंजिनिअर्स. यजमान मागून म्हणाले, "इन्फंट्री कशाला?" तो म्हणाला, "बाबा, दोन्हीकडे एकाच दगडाआड बसायचं असतं." धागा वाचलाय म्हणजे सगळा, नुसता अंगठा पाठवून गप्प बसला होता.

काका, देवळालीला जाताना बरोबर काय देऊ?

सेकंड_इनिंग_आंजर्ले

थंडीत जाणार असेल तर एक जाड स्वेटर. कोकणातल्या पोरांना नाशिकची थंडी थट्टा वाटते, पहिल्या पहाटेच्या पीटीला कळते. आमसुलं द्या, मेसच्या वरणात टाकायला. पेन्सिली द्या, चांगल्या, टोक न मोडणाऱ्या.

आणि फायरिंगला कानात बोळे घालायला सांगा. मी घातले नाहीत, पुतण्याच्या काकांनी घातले नाहीत, आता आम्ही दोघं टीव्ही ५० वर लावतो आणि घरची माणसं दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. रोज सांगा. ऐकणार नाही तो, पण सांगा.

लष्करी_बिऱ्हाड

टीव्ही ५० वर आमच्याकडेही. ट्रंकेला नाव रंगवायला ऑइल पेंट आत्ताच आणून ठेवा ताई, पांढरा.